घाटमाथ्यावरची उपासना

लोणावळ्यात ख्रिस्ती धर्म आला तो नोकरीवर रुजू व्हायला. आमच्या नगर जिल्ह्यात तो शाळा काढायला आला, दुष्काळात धान्य वाटायला आला, चावडीवर बसून वाद घालायला आला. इकडे घाटमाथ्यावर आधी रेल्वे आली, मग इंजिनांचा कारखाना, मग ड्रायव्हर, गार्ड, फिटर. आणि या मंडळींना रविवारी जायला ठिकाण हवं म्हणून चर्च. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये लोणावळ्याच्या नोंदीत हे सगळं एका दमात येतं: लोको वर्कशॉप, रेल्वेची शाळा, प्रॉटेस्टंट आणि रोमन कॅथॉलिक चॅपेल, फ्रीमेसनांचा लॉज, सहकारी भांडार. देवाला भांडाराच्या रांगेत बसवणारा तो कारकून मला फार आवडला.

मी निघाले ते मात्र गॅझेटियर वाचून नाही. अँथनी डिमेलो या जेझुइट फादरांची पुस्तकं त्या पावसाळ्यात हाताशी होती. हा माणूस शेवटची वर्षं लोणावळ्यात राहिला, तिथेच त्याने लोकांना गप्प बसायला शिकवलं. आमच्या घराण्यात गप्प बसण्याची परंपरा नाही. तेव्हा एकदा ते गाव त्या नजरेनं बघावं म्हटलं. दिवस ८ सप्टेंबर २०२४, रविवार. आदल्या दिवशी गणेशचतुर्थी झालेली, आणि ८ सप्टेंबर म्हणजे कॅथॉलिकांचा मारियामातेच्या जन्माचा सण. आम्ही प्रॉटेस्टंट, तो पाळत नाही. पण सण कुणाचाही असला तरी लोकलला गर्दी सगळ्यांचीच होते.

शिवाजीनगरला चढले तेव्हा डब्यात फुलांचा, उदबत्तीचा वास होता. दीड दिवसाच्या गणपतीला निरोप द्यायला माहेरी निघालेल्या बायका, मांडीवर डबे, पोरांच्या कपाळाला गंध. शेजारच्या ताईंनी खडकी येईपर्यंत माझं गाव, नवऱ्याची नोकरी आणि मुलांची संख्या काढून घेतली. मग आडनाव विचारलं आणि जरा थबकल्या.

"म्हणजे तुम्ही...?"

"ख्रिस्ती."

"अय्या. मग घरी इंग्रजीच बोलत असाल?"

"नाही हो. नगरचं बोलतो. पुणेकरांना कळणार नाही असलं."

त्या मनापासून हसल्या आणि डब्यातला मोदक माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. माझ्या आजीने खाल्ला नसता, आणि न खाण्याचं कारणही वचनासकट सांगितलं असतं. ज्यांनी धर्म बदलला त्या पिढीला रोज उठून कुणाला ना कुणाला जाब द्यावा लागे. पाणवठ्यावर, भावकीत, लग्नाच्या पंगतीत. त्यामुळे आमच्याकडचा विश्वास बोलका झाला. आमची प्रार्थनासुद्धा बोलकीच. पाहुणे आले की चहा येतो, कुणीतरी वडीलधारा म्हणतो, "आपण प्रार्थना करू या", आणि आजारी नातेवाईक, परीक्षेला बसलेली मुलं, पाऊस, सरकार आणि मंडळीची नवी इमारत असा सगळा प्रदेश फिरून तो "आमेन"ला पोचतो तोवर चहावर साय धरलेली असते.

देहूरोड स्टेशन आलं की मला तुकारामबुवा आठवतात, आणि आमच्या घरात तुकाराम आठवला की पाठोपाठ टिळक येतातच. लोकमान्य नव्हे, रेव्हरंड. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, कोकणातले चित्पावन, कवी. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत त्यांना एक गोरा सहप्रवासी भेटला, गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे त्यांच्या आयुष्यातली मोठी घटना चर्चमध्ये घडण्याआधी रेल्वेच्या बाकावर घडली होती. पण स्वतः टिळक श्रेय देत ते तुकारामाला. त्याच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो असं ते सांगत. तुकारामाचा भंडारा डोंगर इंदोरीजवळ, मावळातच. गाडीतून तो कुठला म्हणून मी उजवीकडच्या टेकड्यांकडे पाहत राहिले. ढग एवढे खाली आले होते की सगळेच डोंगर भंडारा वाटत होते.

टिळकांपेक्षा मला लक्ष्मीबाईंचा विश्वास जास्त जवळचा वाटतो, हेही सांगून टाकते. नवरा ख्रिस्ती झाला तरी बाईंनी पुढची पाच वर्षं आपलं सोवळं सोडलं नाही. त्याच्याबरोबर राहायला आल्या तरी पाणी वेगळं, चूल वेगळी. त्यांच्या मनातला गुंता पवित्र शास्त्राच्या पानांत सुटला नाही, तो सुटला पाण्याच्या भांड्यापाशी आणि चुलीपाशी: हे विटाळाचं बंधन देवाने घातलं की माणसाने? ते एकदा ठरल्यावर १९०० साली बाप्तिस्मा. 'स्मृतिचित्रे' वाचताना हसू येतं आणि हसता हसता कळतं की या बाईने धर्मांतर स्वयंपाकघरात केलं. तत्त्वज्ञान तिने नवऱ्याकडे सोडून दिलं होतं.

तळेगाव गेलं, वडगाव गेलं. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं. वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली इंद्रायणी हे वाण दिलं आणि तेव्हापासून पुण्याच्या मध्यमवर्गाच्या पानात मावळ रोज थोडा थोडा पडतो. आमच्याकडे भात नाही. बाजरी, ज्वारी, हरभरा. पण कापणीचा सण आमच्याकडे जसा होतो तसा मला पुण्याच्या एकाही चर्चमध्ये पाहायला मिळाला नाही. त्या रविवारी उपासनेला प्रत्येक घर काहीतरी घेऊन येतं. पोत्यात बाजरी, टोपलीत वांगी, भोपळा, डझनभर अंडी, पाय बांधलेला कोंबडा. पाळकसाहेबांचा उपदेश चालू असताना कोंबडा मध्येच आरवतो आणि पेत्राच्या नाकाराची गोष्ट माहीत असलेली पोरं तोंड दाबून हसतात. उपासना संपली की आवारात लिलाव. दोनशेचा भोपळा चढाओढीत बाराशेला जातो, आणि घेणारा तो तिथेच परत दान करतो, की पुन्हा बोली. अर्पण म्हणजे काय हे मला संडे स्कूलने शिकवायचा प्रयत्न केला, शिकवलं त्या भोपळ्याने. मुंबईचे ईस्ट इंडियन लोक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, त्याला आगेरा म्हणतात. मावळातल्या या शेतांत कुणी अशी लोंबी चर्चला नेत असेल तर मला ठाऊक नाही. इथली पहिली लोंबी बहुधा नवरात्राच्या घटाला किंवा दिवाळीला दाराच्या तोरणाला जाते. काय बिघडलं.

मळवलीला उतरून कार्ल्याला गेले. रविवार, त्यात गणपतीचे दिवस, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. एकवीरा आईचे भक्त मोठ्या संख्येने कोळी, आगरी. चैत्रातल्या जत्रेला तर किनारपट्टीच चढून वर येते. बायकांच्या अंबाड्यांतले गजरे, पुरुषांच्या हातांत नारळ, आणि मधूनच "आई माऊलीचा उदो". माझ्या मागून चढणाऱ्या दोघी जावा दुसऱ्या दिवशी वांद्र्याला मोत माउलीच्या जत्रेला जायचं ठरवत होत्या. एकीने नवस बोललेला, मेणाचा हात वाहायचा होता. माउंट मेरीची ही जत्रा दर सप्टेंबरात भरते आणि तिथे मेणबत्त्या लावणाऱ्यांत ख्रिस्ती किती नि हिंदू किती हे कुणी मोजू नये. या दोघींना आपण दोन धर्मांत फिरतोय असं जराही वाटत नव्हतं. एक आई डोंगरावर, एक आई समुद्राकाठच्या टेकडीवर. दोघींना चढ लागतो एवढंच त्यांचं गाऱ्हाणं.

देवीच्या रांगेतून बाजूला होऊन चैत्यगृहात शिरले. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद. मधला मोठा मार्ग, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, पलीकडे अरुंद पडव्या, टोकाला अर्धगोल आणि त्यात स्तूप. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून छताला आहेत. एकोणिसाव्या शतकात वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन हे पाहून चक्रावला: हा तर जुन्या चर्चचा आराखडा! त्याने इंग्लंडमधल्या नॉर्विच कॅथीड्रलच्या गाभ्याशी याची मापं ताडून पाहिली. मीही खांबांमधून चालत टोकापर्यंत गेले आणि सवयीने पहिल्या बाकासाठी जागा शोधू लागले. खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांत धेनुकाकटाचे यवनही आहेत. परदेशी व्यापारी, बुद्धाच्या चैत्याला खांब दान करणारे. आमच्याकडे चर्चच्या बाकांवर, पंख्यांवर दात्यांची नावं रंगवतात, "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ". पंख्याच्या पात्यावर नाव असलं की पंखा फिरताना ते वाचता येत नाही. यवनांनी खांब निवडला हे बरं केलं.

दुपारी लोणावळ्यात. चिक्कीच्या दुकानांबद्दल लिहिण्यासारखं जे होतं ते इतरांनी लिहून झालंय. डॉन बॉस्को आणि ऑक्झिलियम या दोन शाळांमुळे गावातल्या निम्म्या दुकानदारांना 'अवर फादर' पाठ असावी, असा माझा संशय आहे. मी एका चिक्कीवाल्याला विचारलंही. त्याने सुटे पैसे मोजता मोजता अर्धी म्हणून दाखवली आणि "पुढचं विसरलो" म्हणाला.

आता डिमेलो. १९३१ साली मुंबईत जन्म, मूळ गोव्याचं घराणं, वडील रेल्वेत. मुलानेही रेल्वेत यावं ही वडिलांची इच्छा. मुलगा १९४७ साली जेझुइट संघात गेला. पुढे स्पेन, शिकागो, रोम असं शिकून आला, आणि मग गोएंका गुरुजींच्या विपश्यनेत बसला. पुण्यात डी नोबिली कॉलेजात त्याने धर्मगुरूंना प्रार्थना आणि समुपदेशन शिकवण्यासाठी 'साधना' नावाची संस्था सुरू केली आणि १९७८ साली ती लोणावळ्याला सेंट स्टॅनिस्लॉस व्हिलात हलवली. जेझुइटांची अशी विश्रामगृहं इथे आधीपासून होती. खंडाळ्याला सेंट झेवियर्स व्हिला आहे. उन्हाळ्यात मुंबईचे फादर हवापालटाला येत, आंबे खात, फिरायला जात. त्या सुट्टीच्या घरात हा माणूस लोकांना नऊ-नऊ महिने बसवायला लागला. देशोदेशींचे फादर आणि सिस्टर्स यायचे, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना प्रार्थना सांगितली ते, आणि त्यांना तो सांगायचा की डोळे मिटा आणि नाकपुडीशी श्वास कुठे लागतो ते बघा. झालं. एवढंच. त्याच साली निघालेल्या त्याच्या पहिल्या पुस्तकाचं नावही 'साधना' आणि त्यातले सुरुवातीचे व्यायाम याच जातीचे: शरीर जाणवणं, आवाज ऐकणं, श्वास. ख्रिस्त मग येतो, आणि येतो तो एखाद्या रिकाम्या खुर्चीवर शेजारी बसल्यासारखा.

गुजरातीत लिहिणारे स्पॅनिश फादर कार्लोस वालेस १९८७ च्या उन्हाळ्यात त्याच्या लोणावळ्यातल्या शिबिराला आले होते. ते शेवटचं ठरलं. २ जून १९८७ ला न्यूयॉर्कमध्ये डिमेलो हृदयविकाराने गेला, वय ५५. अकरा वर्षांनी, १९९८ साली, रोमहून कार्डिनल रॅट्झिंगर यांच्या सहीचं पत्रक निघालं: या लेखकाची काही मतं कॅथॉलिक श्रद्धेशी जुळत नाहीत, वाचकांनी जपून. हेच रॅट्झिंगर पुढे पोप झाले. पुस्तकं अजून खपतात. मला त्या पत्रकाचा राग येत नाही. गुरू-शिष्यांच्या, सूफींच्या, झेनच्या छोट्या गोष्टी सांगत त्याने देवाविषयीचं सगळं बोलणं जवळजवळ अडगळीत टाकलं होतं; अधिकाऱ्यांनी दखल घेतली नसती तरच नवल. मला अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

नकाशा बघा. भोर घाटाच्या माथ्यावर लोणावळा, थळ घाटाच्या माथ्यावर इगतपुरी. दोन्ही गावं रेल्वेने घडवली. दोन्हीकडे गाड्या घाट चढून येतात, मागून रेटणारी बँकर इंजिनं सुटतात, आणि गाडी घटकाभर उभी राहते. इगतपुरीला विपश्यना आली. लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढून प्राणायामाला प्रयोगशाळेत बसवलं, नंतर मनशक्ती केंद्र आलं, डिमेलो आला. मुंबई जिथे दम खायला थांबते तिथेच आपण आत्मा शोधायला बसतो. मौन ही रजेवर असलेल्या माणसाची चैन आहे, असं मला लोणावळ्याच्या रस्त्यावर चालताना वाटत होतं. बंगल्यांच्या फाटकांवर क्रूस, संतांची नावं, आत कुलूप. मागच्या अंगणात कपडे वाळत घालणारी रखवालदाराची बायको. तिला नऊ महिने श्वास बघत बसायला कोण देणार? आमच्या बोलक्या, गर्दीच्या, चहा निववणाऱ्या प्रार्थनेत निदान तिचा आजारी मुलगा नाव घेऊन येतो.

हे मत मी चर्चच्या आवारात बसलेल्या एका म्हाताऱ्या अंकलना ऐकवलं. संध्याकाळच्या मिस्साला अवकाश होता, पाऊस भुरभुरत होता, आम्ही पोर्चमध्ये बाकावर. आजोबा गोव्यातल्या बार्देशहून येऊन रेल्वेला लागले, मग वडील, मग स्वतः. गार्ड म्हणून निवृत्त.

"तू नगरची ना बाय? म्हणजे पाद्र्यांची पोर," ते म्हणाले. "तुम्ही लोक फार बोलता. गोयंकार गातात. मल्याळी जागरण करतात. ते व्हिलातले गप्प बसतात. हर एकाचा आपला धंदा."

"आणि तुम्ही रेल्वेवाले?"

"आम्ही ड्यूटी करतो."

मग घाट सांगायला लागले. १८५६ साली काम सुरू झालं, १८६३ साली पुरं. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने मेला. बायको अ‍ॅलिस परत गेली नाही, तिने कंत्राट आपल्याकडे घेतलं आणि दोन इंजिनियर हाताशी धरून तडीस नेलं. एका टप्प्यावर चाळीस हजारांवर मजूर या डोंगरात होते. पटकीने, सुरुंगाने, दरडीने हजारो मेले. "त्यांच्यासाठी मिस्सा कोण बोलवतो?" अंकल म्हणाले. "नावं पण नाहीत. नोव्हेंबरात, ऑल सोल्सला, मी घाटातल्यांसाठी म्हणून एक मेणबत्ती लावतो. फादरला विचारत नाही कोणत्या धर्माचे ते."

नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा त्यांना नोकरीत क्वचितच मिळाली. मालगाडी घेऊन उतरायचं. उतारावर कॅच सायडिंगपाशी गाडी आधी पूर्ण थांबवायची, ती थांबली अशी खात्री पटली तरच पुढचा मार्ग मिळतो; ब्रेक गेलेली गाडी असेल तर ती आपोआप बाजूच्या चढावर जाऊन अडते. मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी, जांब्रुंग अशी नावं त्यांनी जपमाळेच्या मण्यांसारखी बोटांवर मोजली. थंडीत बारा वाजता ठाकूरवाडीला उभं असताना खिशातली रोझरी काढायची, एक दशक म्हणायचं, दिवा दाखवायचा, निघायचं.

"मग तुम्हीही श्वासच बघत होता की," मी म्हटलं. "डिमेलोंसारखं. डोळे मिटून."

"डोळे मिटून?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "गाडी कर्जतला न्यायची होती गो, स्वर्गात नाही."

मिस्सा मराठीत होती. इंग्रजी मिस्साला मोटारी येतात, मराठीला रिक्षा येतात, एवढं आवारात उभं राहूनही कळतं. जमलेली माणसं बरीचशी आमच्याकडची: नगर, जालना, संभाजीनगरकडून पोटासाठी आलेली. इस्पितळात नर्स, शाळेत शिपाई, बंगल्यांवर स्वयंपाकाला. एकमेकींना "जय ख्रिस्त" म्हणत आत जात होत्या. दुपारच्या माझ्या मताचा पुरावा मला इथे मिळेल असं वाटलं होतं. पण पहिल्या बाकावर एक बाई, हातात बाजाराची पिशवी, पदराला ओला चिखल, येऊन बसली ती मिस्सा सुरू होईपर्यंत हललीच नाही. ओठसुद्धा नाहीत. शेजारीण तिला काही सांगायला वाकली आणि तशीच मागे सरली. रजा तिला कुणी दिली नव्हती. दोन घरच्या स्वयंपाकांच्या मधली वीस मिनिटं तिने काढून ठेवली होती.

गायनमंडळात टाळ वाजवणारा आलाच नव्हता. त्याच्या घरी भाड्याने राहणाऱ्यांचा गणपती होता आणि विसर्जनाला तो ढोलकी घेऊन गेलेला. सिस्टरनी मला मघाशी बोलताना ऐकलं असावं. "तुम्ही नगरच्या? मग टाळ येत असेल." येत होता. अर्पणाच्या वेळी त्यांनी गाणं धरलं ते टिळकांचं, 'उपासना संगीता'तलं, आजीच्या रोजच्या पाठातलं. मी कॅथॉलिक मिस्सात आयुष्यात पहिल्यांदा गायनमंडळात उभी होते. पेटीवाल्याने काळी चार धरली, बायकांना ती चढेना. सिस्टरनी मान हलवून काळी दोन सांगितली. बाहेर कुठल्या तरी आळीतून "पुढच्या वर्षी लवकर या"चा गजर चालला होता आणि त्याचा ठेका आमच्यापेक्षा जलद, म्हणून दुसऱ्या कडव्यापर्यंत आम्ही सगळेच नकळत पळायला लागलो होतो. फादरांनी वेदीवरून डोळे वर करून पाहिलं, आणि मग तेही ताल धरून जरा भरभर चालू लागले.